तपकिरी पाखरांची हजेरी

नांदूर मधमेश्वरला आलेला माणूस आधी लांब बघतो. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढला की त्याची दुर्बीण थेट पाण्याच्या पलीकडच्या काठाला लागते. रोहित आलेत का, क्रौंच कुठे उतरलेत, एखादा शिकारी पक्षी घिरट्या घालतोय का. बरोबरचा गाइड बिचारा मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाणकणसाच्या बेटाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘‘सर, मुनिया.’’ सर ‘‘हां, हां’’ म्हणतात, पण दुर्बीण काही खाली येत नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्याच्यामागे गाळ साठला, गाळावर गवत आणि पाणवनस्पती माजल्या, आणि २०२० साली ही जागा पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. महाराष्ट्रातली ती पहिली. एवढा सगळा खटाटोप जणू लांब पायांच्या पाहुण्यांसाठीच झाला, अशी आपली समजूत असते. बारा महिने तिथे राहणाऱ्या बारक्या पाखरांकडे घरच्या माणसासारखं दुर्लक्ष होतं.

माझा पक्षपात उघडच सांगून टाकते. मला ही बारकी, तपकिरी, दाणे टिपणारी मंडळी रोहितांपेक्षा जास्त गुंतवून ठेवतात. रोहित ओळखायला काय लागतं? तो स्वतःच ओरडून सांगत असतो मी कोण ते. मुनिया तसं काही सांगत नाही. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तिची लांबी दहा-अकरा सेंटिमीटर, वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम. गवताच्या काडीवर बसली तर काडी थोडी वाकते, इतकंच. आणि ती एकटी कधी नसतेच. थव्यात वीस-पंचवीस, सगळ्या एका क्षणी उडणार, एका क्षणी बसणार, आणि तुम्ही दुर्बिणीचं चाक फिरवेपर्यंत गवताच्या आत नाहीशा होणार.

इंग्रजीत यांना सर्रास फिंच म्हणतात. पण वर्गीकरणाच्या दृष्टीने खरे फिंच वेगळ्या कुळातले. हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून येणारा रोझफिंच हा त्या कुळातला; चिमणीएवढा, खाच असलेल्या शेपटीचा, नर गुलाबी-तांबडा आणि मादी रेघारेघांची मळकट. मुनियांचं कूळ इस्ट्रिल्डिडी. सुमारे १४० जाती, सगळ्या जुन्या जगातल्या. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत पसरलेल्या. डार्विनच्या नावाने प्रसिद्ध असलेले गॅलापागोसचे फिंचही खरे फिंच नव्हेत, ते टॅनेजर मंडळींपैकी. दाणा फोडायची वेळ आली की निसर्ग वेगवेगळ्या कुळांना तीच तिकोनी, जाड बुडाची चोच देत सुटतो आणि आपण चोच बघून नातं जोडत बसतो. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेही तेच केलं होतं. १७५८ साली त्याने लाल मुनियेला फिंचांच्या प्रजातीत घातलं आणि ठिपकेवालीला दुसऱ्याच एका जाडचोच्या प्रजातीत. आज दोघी एका कुळात नांदतात.

महाराष्ट्रात फिरणाऱ्याला चार-पाच मुनिया माहीत असल्या तरी भागतं. सर्वांत जास्त भेटते ती ठिपकेवाली. शहरातल्या सोसायटीच्या कुंपणावरच्या वेलीत, रिकाम्या प्लॉटवर माजलेल्या गिनी गवतात, भाताच्या खाचरावर, कुठेही. पूर्ण वाढलेली असेल तर ओळखायला सोपी: पाठ आणि गळा गडद काथ्या रंगाचा, आणि पोटावर पांढऱ्यात काढलेल्या तपकिरी कडांची नक्षी, माशाच्या खवल्यांसारखी. वहीत सुबक अक्षरात नाव लिहून मोकळं व्हावं. पण पावसाळा सरत आला की थव्यात जी पिल्लं सामील होतात त्यांच्या पोटावर खवला नाही, ठिपका नाही, काही नाही. एकरंगी, फिकट, मातीच्या रंगाची. आणि तिरंगी मुनियेची पिल्लंही जवळपास तशीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या थव्यात आईबाप दहा आणि लेकरं तीस असली, तर पुस्तकातलं चित्र तुमच्या काहीही उपयोगाचं नसतं. पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर यादी भरताना ‘मुनिया, जात अनिश्चित’ असा एक पर्याय असतो. तो निवडायला लोकांना कमीपणा वाटतो. मला तो त्या यादीतला सर्वांत सज्जन पर्याय वाटतो.

लाल मुनियेची तर आणखीच गंमत. पावसाळ्यातला नर बघितला नसेल असा पक्षी-छायाचित्रकार विरळा. लालबुंद अंगावर पांढरे टिपके, लाल चोच, हिरव्या गवतावर बसलेला. समाजमाध्यमांवर ऑगस्ट ते नोव्हेंबर त्याच्याच फोटोंचा सुकाळ असतो. तोच नर विणीचा हंगाम संपला की हे सगळं उतरवून ठेवतो. पाठ मळकी तपकिरी, पोट फिकट, जवळजवळ मादीसारखाच. मुनियांच्या या सबंध कुळात असा हंगामी पोशाख बदलणारी ही एकटीच जात मानली जाते. चोचीचंही वेगळंच चक्र आहे. एप्रिलात ती काळवंडते, मेपासून तिच्यावर पुन्हा लाली चढू लागते आणि वर्ष सरता सरता ती गडद होते. हे सगळं दिवसाच्या लांबीवर चालतं. पिंजऱ्यात ठेवून उजेडाचे तास कमीजास्त केले की चक्रही सरकतं. म्हणजे फेब्रुवारीत नांदूरला गेलात आणि लालबुंद काही दिसलं नाही, तर लाल मुनिया नाही असं समजू नका. ती समोरच असते. शेपटीच्या बुडाशी लाल झाक आणि पंखांवरचे दोन-चार पांढरे ठिपके, एवढीच तिची ओळख शिल्लक असते, आणि तीही ती उडताना दिसली तर.

म्हणून जुने जाणते पक्षीमित्र आधी पक्ष्याचा रंग विचारत नाहीत. ते विचारतात, कुठे होती? काय करत होती? रंगाला ते साक्षीदार मानतात, पण फितूर होऊ शकणारा. जागा सहसा फितूर होत नाही. पाणकणीस, ऊस, ओलसर उंच गवत असेल तर लाल मुनिया. भीमेच्या खोऱ्यातला कोरडा माळ, बाभळी, बोरी, पवन्या आणि कुसळीचं गवत, मोज्यात घुसलेली कुसळं, अशा ठिकाणी पांढऱ्या कंठाची मुनिया. कर्नाळ्याच्या किल्ल्याकडे जाणारी पायवाट, बांबू, रानाची कड, अशा ठिकाणी काळं तोंड आणि काळी छाती असलेली, उडाली की कमरेवर पांढरा पट्टा दाखवणारी पांढऱ्या पाठीची. भातखाचरं आणि लव्हाळ्यांच्या दाट जागी तिरंगी. डोकं काळं, पाठ विटकरी, कुशी पांढऱ्या. आणि या कुटुंबातली एक दुर्मीळ सदस्य हिरवी मुनिया; हिरवट पाठ, पिवळं पोट, कुशीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, लाल चोच. ती फक्त भारताची, मध्य भारताच्या तुटक तुटक पट्ट्यांत उरलेली, माउंट अबूच्या परिसरात लोक मुद्दाम तिला बघायला जातात. जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ठिपकेवाली मात्र कुठलाच नियम पाळत नाही. ती सगळीकडे असते आणि बाकीच्यांच्या थव्यात खुशाल घुसते. इथूनच मला रस असलेली गोष्ट सुरू होते.

थव्यातली मुनिया खाते कशी, हे बघायला मनोरा लागत नाही. बांधावर बसावं, हलू नये. कोणी मूठभर जोंधळे भिरकावून द्यावेत तसा थवा आखूड गवतात उतरतो. पहिली दोन मिनिटं नुसती टुणटुण, काही उलगडा होत नाही. मग एकच पाखरू निवडावं आणि त्याच्या डोक्याकडे बघावं. काहीजणी डोकं खाली घालून टुणटुणतात, चोच जमिनीपासून बोटभर अंतरावर, नजर मातीत. काहीजणी तशाच टुणटुणतात, पण मान ताठ ठेवून, आजूबाजूला बघत. पहिलीला दाणा सापडला की ती थांबते, एका जागी चोच मारायला लागते. आणि लगेच मान ताठ ठेवणाऱ्या दोघी-तिघी तिथे हजर.

हे मी ओढूनताणून सांगत नाहीये. कॅनडात माँट्रियलला लुक-आलें जिराल्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ठिपकेवाल्या मुनियांवर वर्षानुवर्षं काम केलं. पिंजऱ्याच्या तळाला खळगे पाडलेली फळी ठेवायची, काही खळग्यांत बाजरीसारखे बारीक दाणे लपवायचे, आणि कोण शोधतं, कोण आयतं खातं ते टिपायचं. मान खाली घालून फिरणारं पाखरू शोधणारं असतं आणि मान वर ठेवून फिरणारं दुसऱ्याच्या शोधावर ताव मारणारं, ही खूण त्यांनी २००१ साली नोंदवली. यापुढचा भाग जास्त रंजक आहे. आयतोबा जन्मजात आयतोबा नसतात. थव्यात आयत्या बिळावरचे नागोबा वाढले की शोधणारे कमी पडतात, वाट्याला कमी येतं, आणि मग त्यातलेच काही मान खाली घालून कामाला लागतात. शोधणारे फार झाले की उलटं. तोल आपोआप सापडतो, कोणी सभा घेत नाही. हा खेळ गणिताने आधी मांडला गेला होता. मुनियांनी तो पाळून दाखवला. मुनिया पाळीव पक्ष्यांच्या बाजारात जगभर मिळते, पिंजऱ्यात सहज रुळते, थव्यात खाल्ल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून प्रयोगाला तीच निवडली गेली. आपल्याकडच्या बांधावरचं पाखरू तिकडच्या प्रयोगशाळेत एवढं काम करून गेलं, आणि इकडे आपण अजून त्याचं नाव ठिपकेवाली की ठिपकेदार यावर वाद घालतोय.

दाणा खाण्याची रीतही बघण्यासारखी. उंच गवतावर बसते तेव्हा ती ओंबीच्या खालून चढते, काडीला आडवी धरून राहते आणि एकेक दाणा चोचीच्या कडेला नेऊन फिरवते. टरफल दोन बाजूंना गळून पडतं. पोपटासारखी नासधूस नाही. नांदूरजवळच्या एका शेतात बाजरीची राखण करणाऱ्या मावशी माळ्यावर बसल्या होत्या, हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा. मी त्यांना मुनियांबद्दल विचारलं. ‘‘ती बारकी व्हय? त्यांच्यावर कशाला खडा घालवायचा, ताई. राघू कणीस तोडून फेकतो, चिमण्या धुडगूस घालतात. ही ताटावर बसूनच जेवतात. पण बसली की उठायचं नाव नाही.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘लाल असतात ते नवरे. बाकीच्या बाया.’’ मी म्हटलं, उन्हाळ्यात नवरेही बायांसारखेच दिसतात. त्या हसल्या आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात कुणाचा नवरा बरा दिसतो?’’ यावर पक्षिशास्त्रात माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता आवाज. चिवचिवाट, थव्याला एकत्र ठेवणारी ‘किटी-किटी’ अशी बारीक हाक, हे सगळ्यांना ऐकू येतं. पण ठिपकेवालीच्या नराचं गाणं बहुतेक माणसांनी ऐकलेलंच नसतं, कारण ते ऐकू येत नाही. तो फांदीवर तिरका होऊन बसतो, डोक्याची पिसं फुगवतो, चोच उघडमिट करतो, आणि चार-पाच फुटांवर उभ्या माणसाला वाटतं की बहुधा गळ्यात काहीतरी अडकलं असावं. अगदी जवळ गेलं तर बारीक चुरचुर, पुटपुट. ही मैफल रस्त्याच्या पलीकडच्या श्रोत्यांसाठी नसतेच. थव्यातली दुसरी मुनिया सरकत सरकत त्याच्या शेजारी येते, मान लांब करते आणि तिचं डोकं जवळजवळ त्याच्या चोचीला टेकवून उभी राहते. भांडण नाही, प्रणय नाही, फक्त ऐकणं. कधी तिसरी येते आणि दुसरीच्या खांद्यावरून डोकावते. १९५४ साली दोघा अभ्यासकांनी पिंजऱ्यातल्या मुनियांच्या वागण्याची तपशीलवार नोंद केली, त्यात हे डोकावणं आहे. उघड्यावर दिसायला नशीब लागतं. मी ते एका बंगल्याच्या बोगनवेलीत पाहिलं, अभयारण्यात नव्हे.

एवढ्या हळू गायचं तर गायचंच कशाला? माद्यांनी निवड करावी म्हणून, हे ठरलेलं उत्तर आहे. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा पत्ता जपानमध्ये लागतो. सह्याद्रीत दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेची चिनी भावंडं अठराव्या शतकात जपानात नेली गेली. तिथे पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात पाळली, अंड्यांवर इमानाने बसणारी आणि पांढऱ्या डागांची निवडून वाढवली. आज तिला बेंगालीज फिंच म्हणतात, बंगालशी तिचा काही संबंध नसताना. गाणं चांगलं म्हणून तिला कोणी निवडलं नव्हतं. तरीही काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा पाळीव मुनियेचं गाणं रानातल्या पूर्वजापेक्षा जास्त गुंतागुंतीचं निघालं. सुरांचा क्रम बदलणारा, वळणं घेणारा. रानातल्याचं मात्र सरळ, ठरलेलं. त्यांची मांडणी अशी की रानात पांढऱ्या पाठीची मुनिया ठिपकेवालीच्या थव्यात मिसळते, आणि मिसळलेल्या थव्यात आपल्या जातीचा नर कोणता हे चुकता कामा नये. त्यासाठी गाणं ओळखपत्रासारखं ठरीव ठेवावं लागतं, त्यात हरकती घ्यायची सोय नाही. पिंजऱ्यात दुसरी जातच नसते, चुकायची भीती नाही, मग गाणं मोकळं सुटतं. तैवानच्या रानात त्यांनी हे पडताळून पाहिलं, तेव्हा जिथे ठिपकेवाल्या जास्त मिसळत होत्या तिथल्या पांढऱ्या पाठीच्यांचं गाणं जास्त साधं आढळलं.

हे वाचल्यापासून मिश्र थव्याकडे बघण्याची माझी नजरच पालटली. आम्ही माणसं दुर्बिणी घेऊन बांधावर बसतो आणि यातली कोण कुठली म्हणून डोकं खाजवतो. तोच प्रश्न थव्यातल्या प्रत्येक मादीलाही आहे, आणि तिच्यासाठी तो यादीत टिकमार्क करण्याएवढा फालतू नाही. लाल मुनियेने त्यावर रंगाचा उपाय काढला, पण ठरावीक महिन्यांपुरता. ठिपकेवाली, पांढऱ्या पाठीची आणि पांढऱ्या कंठाची यांच्यात नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून तिथे आवाज. पिल्लांच्या बाबतीत तर त्याहून आधी सुरुवात होते: या कुळातल्या पिल्लांच्या टाळूवर जन्मापासून काळी नक्षी असते. घरट्याच्या काळोखात पिल्लाने चोच उघडली की आईबापांना ती दिसते, आणि घास नेमका तिथे पडतो. आमच्या पुस्तकात मात्र कुठल्याच मुनियेचं टाळूचं चित्र नसतं.

बारामतीजवळ सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, अवघ्या पाचेक चौरस किलोमीटरचं, १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. तिथे रस्त्याकडेच्या बाभळीवर सुगरणींच्या घरट्यांची जुनी वसाहत लोंबत असते. जून ते सप्टेंबर सुगरणींचा कारभार. नंतर त्या निघून जातात आणि घरटी वाऱ्यावर हलत राहतात. मग पांढऱ्या कंठाच्या मुनिया येतात. काहीजणी तर सुगरणींचा संसार चालू असतानाच येऊन आत डोकावतात. संध्याकाळी बोगद्यासारख्या तोंडातून एकामागून एक आत शिरतात. एका घरट्यात किती शिरतील याला काही हिशेब नाही. रात्रभर एकमेकींना खेटून झोपतात. बऱ्याचदा तिथेच अंडी घालतात, आत थोडं गवत-कापूस नेऊन. स्वतःचं घरटं त्यांना बांधता येत नाही असं नाही. काटेरी झुडपात गवताचा ओबडधोबड गोळा त्या रचतात. पण पक्की इमारत रिकामी पडली असताना बांधकाम कोण काढणार? बिल्डरला विचारा.

या घरट्यांसमोर शनिवार-रविवारी गाड्या थांबतात. कोणी रस्त्याकडेला दाणे टाकतो, कोणी फोनवर मुनियेची रेकॉर्ड केलेली हाक वाजवतो, म्हणजे पाखरं उघड्यावर येतील आणि मागचा माळ धूसर होऊन फोटो ‘स्वच्छ’ निघेल. मला या प्रकाराचा राग येतो, आणि तो केवळ नियमांसाठी नाही. दाणे टाकले की शोधणाऱ्या आणि आयत्या खाणाऱ्या यांच्यातला सगळा खेळ मोडतो. सगळ्याच आयत्या होतात. समोर पाखरू असतं, फोटोही अगदी धारदार येतो, पण जे बघायला आपण आलो होतो तेच तिथून निघून गेलेलं असतं. हवा तो फोटो लाल नराचा, पाऊस पडून गेल्यावरचा, सोनेरी उन्हातला. फेब्रुवारीतल्या मळक्या नराचा फोटो कोणी टाकत नाही, त्याला कोणी लाइकही देत नाही. त्याला लाल मुनिया म्हणून ओळखायचं म्हणजे तो वर्षभर काय काय करतो ते माहीत असावं लागतं, आणि त्यासाठी रिकाम्या हाताने परतायच्या सकाळी लागतात.

सुंदर दिसण्याची किंमत या पाखरांनी फार पूर्वीपासून चुकवली आहे. लाल मुनियेच्या इंग्रजी आणि शास्त्रीय नावात अहमदाबादचं नाव वेडंवाकडं होऊन अडकलं आहे, कारण शतकांपूर्वी ती तिथल्या बाजारातून जहाजाने परदेशी जात असे. स्पेन, इटली, फिजी, हवाई. पिंजऱ्यातून निसटलेल्यांच्या वसाहती आज तिथे रानात आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९१पासून पूर्ण बंद. तरी व्यापार चालूच राहिला. १९९०च्या दशकात अबरार अहमद यांनी उत्तर भारतातल्या पक्षीबाजारांचा सविस्तर अभ्यास केला, त्यात मुनिया सर्वाधिक विकल्या जाणाऱ्यांत होत्या. कायदा तेव्हा देशी पक्ष्यांना लागू होता, परदेशी पाळीव पक्ष्यांना नव्हता, मग विक्रेत्यांनी सोपी युक्ती काढली: रंग. पांढऱ्या कंठाच्या मुनियेला पोपटी रंगात बुडवायचं, ठिपकेवालीला पिवळ्या, आणि ‘फॉरेनची चिमणी’ म्हणून विकायचं. शहरातल्या एका दुकानाबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यात मी अशी गुलाबी-हिरवी पाखरं पाहिली आहेत. शेजारचा लहान मुलगा विचारत होता, ‘‘ह्याचं नाव काय?’’ दुकानदाराने ठोकून दिलं, ‘‘लव्हबर्ड.’’

अशा पिंजऱ्यांवर वन विभागाची धाड पडते तेव्हा ओळख हा छंद राहत नाही. पाखरं सोडायची, हे ठरलेलं, पण कुठे? पांढऱ्या कंठाची मुनिया पाणकणसाच्या बेटात सोडून भागत नाही, तिला कोरडा माळ आणि बाभळी हव्यात. लाल मुनिया मयूरेश्वरच्या कुसळीत सोडणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा हद्दपार करणं. पांढऱ्या पाठीचीला रानाची कड हवी. आणि पुढ्यातल्या पिंजऱ्यात सगळ्या एकाच पोपटी रंगात न्हालेल्या, भेदरलेल्या, कोपऱ्यात खेटून बसलेल्या. पिसांवरचा रंग पिसं झडून नवी येईपर्यंत जात नाही. अशा वेळी जाणकार माणूस पिंजऱ्यासमोर उकिडवा बसतो आणि रंग सोडून बाकी सगळं बघतो. चोच निळसर राखाडी आहे आणि शेपटी काळी, टोकदार, बाकीच्यांपेक्षा लांब. ही पांढऱ्या कंठाची, माळावर. हिची चोच लालसर, अंगाने सगळ्यांत छोटी, ही पाण्याकाठी. या दोघींची चोच काळसर, जाड, शेपटी आखूड. गळ्याकडचा गडदपणा रंगाखालूनही जाणवतोय. ठिपकेवाल्या, त्या कुठेही रुळतील. एक पिल्लू उरतं, काहीच सांगत नाही असं. त्याला या दोघींबरोबरच ठेवतात, कारण पिंजऱ्यात ते सारखं त्यांनाच चिकटून बसलं होतं.